पूल बंद आहे

भाच्यानं माझ्यासमोर वही सरकवली. वही इंजिनिअरिंग ड्रॉइंगची, पण मागच्या पानावर पट्टीनं आखलेला तक्ता वेगळाच होता. "मामा, जीटीएचे नंबर लावलेत. बघ आणि सही कर."

सही म्हणजे मान्यता. आणि जीटीए म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, गाड्या चोरून शहरभर पळवायचा व्हिडिओ गेम. त्याच्या निरनिराळ्या भागांना यानं नंबर लावले होते. आमच्याकडं मामाची मान्यता आता लग्नपत्रिकेच्या मजकुरापुरती आणि जीटीएपुरतीच लागते, बाकी कशात कोणी विचारत नाही. म्हणून मी चष्मा लावून गंभीरपणे बघायला घेतलं. पहिला नंबर फाइव्हला. ते धरूनच चाललो होतो. फाइव्ह आला 2013 साली, तेव्हा हा पहिलीत होता. पुढं तो गेम प्लेस्टेशन थ्रीवरून फोरवर आणि फोरवरून फाइव्हवर गेला, हा पहिलीतून इंजिनिअरिंगला गेला, तरी त्याच्या पुढचा गेम काही आला नाही. या पोरानं दुसरं कोणाला पहिलं म्हणायचं? दुसरा सॅन अँड्रियास, तिसरा फोर. चौथा चायनाटाउन वॉर्स, जो यानं मोबाईलवर, बसमधून येता-जाता खेळलाय. आणि पाचव्या ओळीत व्हाइस सिटी. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं : 'ग्राफिक्स. हिरोला पोहता येत नाही.'

मी सही केली नाही.

पोहण्याचा मुद्दा मात्र बिनतोड होता, आणि तोच जास्त लागला. व्हाइस सिटीचा हिरो टॉमी व्हर्सेटी सगळं करतो. गाड्या पळवतो, बोटी पळवतो, वेळ पडली तर हेलिकॉप्टरही उडवतो. पण गुडघ्याच्या वर पाणी गेलं की संपला. पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या पोरांना हे बघवायचं नाही. आम्ही स्क्रीनकडं बघून ओरडायचो, "आरं हात मार की!" दोन वर्षांनी सॅन अँड्रियास आला आणि त्याचा हिरो सीजे पाण्यात उतरून सरळ पोहायला लागला, तेव्हा आमच्यातल्या एकानं टाळी वाजवली होती.

रविवारी हा तक्ता मी मोबाईलवर फोटो काढून रंकाळ्याच्या कट्ट्यावर नेला. तिथं आम्ही चौघं जमतो. एकाचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, एक बँकेत आहे, एक अजून तालमीत जातो म्हणून सांगतो, चौथा मी. सगळे चाळिशीला टेकलेले. गुडघे, गृहकर्ज आणि पोरांच्या फिया हे नेहमीचे विषय. त्या दिवशी तिन्ही बाजूला राहिले.

तालमीवाल्यानं पहिला नंबर सॅन अँड्रियासला दिला, आणि कारण ऐकून मी गप्पच झालो. "भावा, त्यात जिममध्ये गेलास की अंग भरतं. नुसतं बर्गर हाणत बसलास की पोट सुटतं. लई हाणलास की ओकतो गडी. एवढा खरा गेम दुसरा दाखव." तीन शहरं, मधली गावं, वाळवंट, डोंगर, 1992 सालचा सगळा काळ, यातलं काही त्याच्या हिशेबातच नव्हतं. खुराक आणि मेहनत एवढंच त्यानं बघितलं होतं. बँकवाला म्हणाला फोर. का, तर त्यातला निको गाव सोडून परमुलखात येतो, आणि रोमन नावाचा चुलतभाऊ त्याला वेळी-अवेळी फोन करून बोलिंग खेळायला बोलावतो. मागं पोलीस लागलेत, समोरून गोळ्या चालल्यात, आणि याचा फोन : चल बोलिंगला. नाही म्हटलं की रुसतो. "पाहुण्यांचं इतकं खरं वर्णन मी कुठं बघितलं नाही," बँकवाला म्हणाला. त्याची पाच वर्षं नाशिकला बदली होती, म्हणून आम्ही पुढं काही बोललो नाही.

थ्री कोणाच्याच यादीत वर नव्हता. खरं तर सगळ्याचा बाप तो. 2001 साली त्यानंच पहिल्यांदा वरून दिसणारं शहर खाली उतरून रस्त्यावर आणलं. पण त्याचा हिरो अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही, आणि त्यात मोटारसायकल नाही. यातलं एक चाललं असतं. दोन्ही मिळून कोल्हापुरात कसं चालायचं?

वर्कशॉपवाल्यानं तिसऱ्या नंबरावर 'जीटीए पंजाब' सांगितला आणि भांडण खऱ्या अर्थानं सुरू झालं. तुम्हाला आठवत असेल, त्या काळी सीडीच्या दुकानात जीटीए मुंबई, जीटीए पंजाब अशा सीड्या मिळायच्या. आत मूळचाच गेम, कोणीतरी घरबसल्या गाड्या आणि गाणी बदललेली. तो अधिकृत नाही, मोजायचा नाही, असं बँकवाला म्हणाला. बँकवाल्याला कागद लागतोच. "मी पैसे देऊन घेतला, मी खेळलो, मग मोजायचा का नाही?" वर्कशॉपवाला हट्टाला पेटला. मग अधिकृत काय यावर अर्धा तास गेला. शेवटी असं निघालं की कट्ट्यावरच्या एकाचीही त्या काळातली एकही सीडी अधिकृत नव्हती, तेव्हा तो मुद्दा सगळ्यांनी मिळून सोडून दिला.

कुस्तीचं बरं असतं. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात दोन पैलवान उतरतात, एकाची पाठ मातीला लागते, वाद मिटतो. नाही लागली तर बरोबरीत सुटते. पण सीजे आणि टॉमीची कुस्ती लावणार कोण? शिवाय एकाला पोहायला येतं आणि एकाला येत नाही हे तर आधीच ठरलंय.

माझा पहिला नंबर व्हाइस सिटी. हे मी कुणाशी वाद न घालता वीस वर्षं धरून आहे, आणि त्याला राजारामपुरीतला एक नेट कॅफे कारण आहे. पायऱ्या उतरून तळघरात जायचं. सहा कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडच्या फळ्या, वीस रुपये तास. मी दहावीत होतो. गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे असं वेष्टनावर लिहिलेलं असतं म्हणे. आम्ही वेष्टन कधी बघितलंच नाही. बघितली ती स्क्रीनवरची गुलाबी अक्षरं, 1986 सालचं समुद्रकाठचं शहर, पामची झाडं, आणि चोरलेल्या गाडीत बसल्याबरोबर आपोआप लागणारा रेडिओ. अमेरिका म्हणजे हीच, अशी आमची खात्री होती. ती ज्या कंपनीनं केली तिची मुळं स्कॉटलंडच्या डंडी गावात आहेत, हे मला फार नंतर कळलं, आणि जरा बरंच वाटलं. त्यांनीही अमेरिका लांबूनच बघितली म्हणायची.

कोडचा कागद काउंटरवर दोन रुपयांना मिळायचा, झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला. पॅन्झर टाइप केलं की आभाळातून रणगाडा. ॲस्पिरिनला शेवटी एक ई जास्त, त्यानं तब्येत फुल्ल. लीव्ह मी अलोन म्हटलं की पोलीस पाठ सोडून आपापल्या घरी. 'प्रेशस प्रोटेक्शन' हे एका दमात, स्पेस न देता टाइप करायला लागायचं आणि एक अक्षर चुकलं तर चिलखत नाही. शाळेत माझं इंग्रजी स्पेलिंग बेताचं होतं. या दोन शब्दांचं आजही चुकत नाही.

आता खरी गोष्ट. गेम सेव्ह करायचा तर हॉटेलात जायचं. तिथं एक गुलाबी कॅसेट गोल फिरत असते, तिच्यात शिरलं की सेव्हचं पान येतं. पानावर आठ खाने. खाने आठ आणि त्या कॉम्प्युटरवर येणारी पोरं निदान चाळीस. तिसऱ्या खान्यात माझा गेम होता. दोन आठवडे पैसे साठवून, रोज तासभर बसून मी गेममधल्या कर्नलची कामं उरकत आणली होती. एका शनिवारी जाऊन बघतो तर तिसऱ्या खान्यात कोण्या भलत्याचाच गेम, तोही पहिल्या मिशनवर. मालकाला सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, "नवीन चालू कर की, त्याला काय पैसे पडतात काय?" पैसेच पडत होते. मी नवीन चालू केला. दहा-बारा दिवसांनी तोही गेला. मग मी मिशनचा नाद सोडला आणि उरलेलं वर्ष रणगाडा घेऊन समुद्रकाठानं फिरलो.

व्हाइस सिटीचे दोन मोठे भाग आहेत, मध्ये पाणी, वर पूल. सुरुवातीला पूल बंद असतात. वादळाचा इशारा आहे म्हणून आडवे अडथळे लावलेले. ठराविक कामं केली की वादळ टळतं आणि पूल उघडतात. माझे कधीच उघडले नाहीत. मी त्या अडथळ्यापर्यंत रणगाडा न्यायचो, थांबायचो, पलीकडच्या उंच इमारती बघायचो आणि परत फिरायचो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली, शिवाजी पूल बंद झाला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूर सगळीकडून तुटलं. दूध नाही, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. त्या दिवसांत वर्कशॉपवाल्याचा मला एका ओळीचा मेसेज आला होता : 'व्हाइस सिटी झाली की लेका.' तो काळ हसण्याचा नव्हता. तरी मी हसलो होतो, आणि तेव्हाच कळलं की त्याचाही पूल कधी उघडला नव्हता.

तर कट्ट्यावर हा सगळा प्रकार मी रंगवून सांगितला आणि वर म्हणालो, म्हणून व्हाइस सिटी पहिला. बँकवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"किती टक्के झाला होता तुझा?"

गेममध्ये आकडेवारीचं पान असतं, त्यात किती टक्के पूर्ण झाला ते दिसतं. मला माहीत होतं. मी रंकाळ्याकडं बघायला लागलो.

"आकडा सांग."

"दहा असंल. अकरा."

"म्हणजे नव्वद टक्के न बघता पहिला नंबर?" एखादं कर्जप्रकरण परत पाठवावं तसा त्याचा आवाज. मी म्हटलं, वर्कशॉपवाल्याला विचार. वर्कशॉपवाला म्हणाला, "माझं दुसरं मिशनसुद्धा झालेलं नाही. मला गाड्या फिरवायच्या होत्या, फिरवल्या." तालमीवाल्यानंही सॅन अँड्रियास सगळा खेळला नव्हता, त्यातल्या ट्रेनच्या मिशनला, जिथं आपण ट्रेनच्या बरोबरीनं मोटारसायकल पळवायची आणि मागं बसलेल्या बिग स्मोकनं गोळ्या झाडायच्या, तिथं अडकून त्यानं नाद सोडला होता. बिग स्मोकचा नेम कधी लागलाच नाही, आणि हरल्यावर वर तोच बोलणार. हे सांगताना तालमीवाल्याचे कान लाल झाले. बँकवाल्यानं फोर संपवला होता. चौघांत एकटाच, आणि त्याचं मत कोणी मानायला तयार नव्हतं.

संध्याकाळी वही परत द्यायला आक्काकडं फुलेवाडीला गेलो. भाच्याला कट्ट्यावरचा निकाल सांगितला, म्हणजे निकाल लागला नाही हे सांगितलं. पूल, तिसरा खाना, दहा टक्के, सगळं सांगितलं. आक्का खाली बसून गवारी मोडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "तो पूल व्हय? मी गेलो होतो की पलीकडं."

बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं बायकाही मी आलो, मी गेलो असंच म्हणतात. पण मला धक्का व्याकरणाचा नव्हता.

घरात कॉम्प्युटर आला तो मी पुण्याला हॉस्टेलवर गेल्यावर, आक्काच्या टॅलीच्या क्लाससाठी. माझी सीडी ड्रॉवरमध्ये पडून होती. पुढं लग्न झालं, आणि 2007 साली ती बाळंतपणासाठी माहेरी आली. शेवटचे तीन महिने डॉक्टरांनी फार हिंडू-फिरू नको म्हटलेलं. दुपारी आई झोपायची. टॅली काढून काय करणार?

"दियाझ म्हणून एक आहे बघ," आक्का म्हणाली, "त्याचं दुसरं काम. हेलिकॉप्टरमधनं गोळ्या झाडायच्या. ते झालं की पूल उघडतोय." मग तिला दुसरं हेलिकॉप्टर आठवलं, रिमोटचं, बांधकामाच्या इमारतीत चार बॉम्ब नेऊन ठेवायचं. "त्यानं माझं डोकं खाल्लं. ह्यो पोटात लाथा मारायचा आणि माझं हेलिकॉप्टर जिन्याला धडकायचं."

आम्ही दोघांनी 'ह्यो'कडं बघितलं. अभिमन्यूनं आईच्या पोटात अर्धा चक्रव्यूह तरी ऐकला. यानं अख्खी व्हाइस सिटी ऐकली, शेवटापर्यंत, आणि पाचवा नंबर दिला.

"आई, तू संपवलास?" त्याचा आवाज चिरकला. वहीतलं पान त्यानं लगेच काढलं. "मग तुझे नंबर सांग. पहिला कोणता?"

"मी एकच खेळलो. नंबर कसले लावू?"

तो पेन्सिल धरून तसाच बसला. मी मात्र वीस वर्षं अडथळ्यासमोर रणगाडा उभा करून थांबलो होतो. म्हटलं, "आक्का, पलीकडं काय होतं?"

तिनं थोडा वेळ आठवलं. "विमानतळ होता. टॅक्सीची एक कंपनी होती. आणि एक आइस्क्रीमची फॅक्टरी, वीस हजाराला. घेतलो मी ती."

"स्वस्त पडली की."

"आइस्क्रीम विकायचं नव्हतंच त्यात," आक्का म्हणाली आणि गवारीची ताटली घेऊन उठली. "शिट्ट्या किती झाल्या रे? तीन की चार?"