‘इष्ट’ या शब्दाची अडचण

धर्माज्ञेचा आधार न घेता नीती सिद्ध करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या प्रयत्नाइतकी टवाळी क्वचितच दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली असेल. १८६१ मध्ये नियतकालिकातून आणि १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘युटिलिटेरियनिझम’च्या (उपयुक्ततावाद, म्हणजे पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच नीतीची कसोटी) चौथ्या प्रकरणात तो म्हणतो की, एखादी वस्तू दृश्य (visible) आहे याचा पुरावा लोकांना ती दिसते एवढाच, तसेच एखादी गोष्ट इष्ट (desirable) आहे याचा पुरावाही लोक तिची इच्छा करतात हाच. १९०३ मध्ये जी. ई. मूर या इंग्रज तत्त्वज्ञाने यावर बोट ठेवले. ‘दृश्य’ म्हणजे दिसू शकणारे, पण ‘इष्ट’ म्हणजे इच्छा करण्याजोगे, आणि इच्छा तर माणूस कशाचीही करतो. मला हा उतारा तर्कदोषाचा नमुना म्हणूनच शिकवला गेला होता.

फोंड्याच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “तुमचा मिल मराठीत लिहिता तर सुटला असता.” ‘इष्ट’ हे ‘इष्’ धातूचे रूप, मूळ अर्थ ‘इच्छिलेले’ एवढाच, तरीही ‘इष्टानिष्ट’ म्हणताना आपल्या मनात चांगले-वाईटच असते. ‘अनीय’ प्रत्ययसुद्धा शक्य आणि योग्य अशा दोन्ही अर्थांनी लागतो. भाषेने खपवून घेतलेली सरमिसळ केली म्हणून मिलचा युक्तिवाद बरोबर ठरत नाही हे खरे, पण ती शाळकरी चूकही ठरत नाही. शिवाय अंतिम साध्यांना रूढ अर्थाची सिद्धता देता येत नाही, हे त्याने पहिल्याच प्रकरणात सांगून ठेवले आहे. टवाळी करणारे ते वाक्य सहसा गाळतात.

माझ्या मते खरी फट पुढच्या पायरीत आहे. प्रत्येकाचे सुख त्याच्यापुरते चांगले, म्हणून सर्वांचे सुख सर्वांच्या समुदायासाठी चांगले, असे मिल म्हणतो. गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट लागते, रॅम्प सिमेंटवर खरवडत टेकतो आणि रांगेतल्या सगळ्या स्कूटर एकदम सुरू होतात. आपण चढावे असे प्रत्येकालाच वाटत असते. पण सगळे चढावेत अशी इच्छा त्यांतल्या एकाच्याही मनात असल्याचे त्यावरून निघत नाही. हेन्री सिज्विक या इंग्रज तत्त्वज्ञाने ‘द मेथड्स ऑफ एथिक्स’मध्ये (पहिली आवृत्ती १८७४) नेमकी हीच उणीव दाखवली: सुट्या इच्छांची बेरीज केली तरी त्या बेरजेची इच्छा करणारा कुणी तयार होत नाही. मिलने १८६८ च्या एका पत्रात खुलासा केला होता की, ‘अ’चे, ‘ब’चे आणि ‘क’चे सुख चांगले असेल तर त्यांची बेरीजही चांगली, एवढेच आपल्याला म्हणायचे होते. मग ‘अ’ने ‘ब’साठी स्वतःचे काही का सोडावे, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

मराठीत मिलच्या या मताचा कसून समाचार टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त घेतला आहे. पॉल कॅरस या जर्मन-अमेरिकन लेखकाकडून घेतलेला त्यांचा ट्रामवेचा दाखला मला अजूनही चपखल वाटतो. अमेरिकेतल्या एका शहरात परवानगी लवकर मिळावी म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली गेली, ट्राम झाली, लोकांची सोयही झाली. तरी ते कृत्य न्याय्य म्हणवत नाही, कारण पुष्कळांच्या पुष्कळ सुखाच्या हिशेबात कर्त्याची बुद्धी धरलेली नसते. (परवानग्यांच्या कचेऱ्या पाहिलेल्या गोमंतकीयाला हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.) इथवर मी टिळकांबरोबर आहे. मात्र फट बुजवण्यासाठी ते सर्वांभूती एकच आत्मा असल्याचा आधार घेतात, आणि तो ज्याला मान्य नाही त्याच्यापुढे ‘दुसऱ्यासाठी का?’ हा प्रश्न मिलच्या वाचकाइतकाच उघडा राहतो. मिलवर गृहीतक लपवल्याचा आरोप करायचा आणि त्याहून मोठे गृहीतक उघडपणे मांडायचे, याने प्रामाणिकपणा वाढतो, पण सिद्धता वाढत नाही.

फोंड्याच्या सरांना हे अजिबात मान्य नाही. पुढच्या रविवारसाठी त्यांनी ‘गीतारहस्या’तले ‘अध्यात्म’ हे प्रकरण खुणेचा कागद घालून काढून ठेवले आहे.