आखूड कबर

नव्या मुलांना सांगाडा उकरायला शिकवताना मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातलीच केस सांगतो. राजासाठी नव्हे, खड्ड्यासाठी.

25 ऑगस्ट 2012, कार पार्कमधला पहिलाच चर, पहिलाच दिवस आणि पायाची हाडं लागली. तिसरा रिचर्ड, पुतण्यांना मारल्याचा आळ आजही डोक्यावर असलेला इंग्लंडचा राजा, 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत पडला आणि याच जागी तेव्हा असलेल्या मठाच्या चर्चमध्ये पुरला गेला, एवढं ठाऊक होतं. तरी हाडं झाकून ठेवली. शहाणपण ते हेच. हाड चर्चच्या कोणत्या भागात आहे हे भिंती आणि फरश्या जुळल्याशिवाय कळत नाही, आणि उचलायला न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. पुढच्या चरांनी जागा वेदीजवळ, मानाच्या भागात पडते असं दाखवलं. मग पांढरे सूट, मास्क, हातमोजे. एक शिंक डीएनए बिघडवते.

पायाकडून वर सरकताना कवटी त्याच पातळीवर असणार असं आपण धरून चालतो. इथे खड्डा आखूड, कडा उतरत्या, तळ खोलगट. देह आत कोंबलेला, डोकं कडेला टेकून वर आलेलं. सवयीने कुदळ चालवली की घाव कवटीवरच. शवपेटीचा मागमूस नाही, कफनाचाही नाही. हात उजव्या कमरेशी एकावर एक, बहुधा बांधलेले.

माती निघाली तसे मणके सरळ रेषेत येईनात. कुबड नव्हे, कणा बाजूला वाकलेला. वाक 65 ते 85 अंशांचा. मणक्यांपाशी लोखंडाचा तुकडा होता, आधी बाणाचं टोक वाटला, बहुधा रोमन खिळा निघाला. असं होतंच.

हाडांचं वय सांगणाऱ्या कार्बन चाचणीत पहिला आकडा 1430 ते 1460 आला, म्हणजे मृत्यूच्या आधीचा! कारण ताटातली मासळी: समुद्रातला कार्बन जुना असतो, तो हाडांना म्हातारं करतो. तो हिशेब धरल्यावर 1450 ते 1540. मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणारा डीएनए राजाच्या बहिणीच्या, मुलींकडून आलेल्या वंशाशी जुळला. बापाकडून मुलाला जाणारा डीएनए पुरुषांच्या वंशाशी मात्र जुळला नाही. कुठल्यातरी पिढीत कागदावरचा बाप वेगळा असणार.

26 मार्च 2015 ला लेस्टर कॅथेड्रलमध्ये पुन्हा दफन झालं. ओकची शवपेटी बहिणीच्याच वंशातल्या सुताराने केली. पावलं मात्र नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात गेली होती, त्यांच्याशिवायच पुरला.