पावसाळ्यातला सराव: सादळलेला कागद, बोरू आणि समोर बसणारी माणसं

गणपती गेले, पाऊस अजून जायचं नाव घेत नाहीये, म्हटलं या सीझनचा हिशोब टाकून देऊ. नवीन मंडळींसाठी सांगते, दिवसभर माझं काम पॅकेजिंगच्या आर्टवर्कचं, तिथे अक्षरं फॉन्टच्या लिस्टमधून उचलायची आणि क्लायंट म्हणेल तेवढी मोठी करायची, देवनागरी सुलेखनासाठी बोरू, म्हणजे तिरकी कापलेली लेखणी, हातात येतो तो त्यानंतर.

जून ते सप्टेंबर मुंबईत कागद म्हणजे सादळलेला पापड. शाई टेकवली की फुटते. गुळगुळीत कार्डावर फुटत नाही पण वाळतही नाही, बाही लागली की शिरोरेषा गायब. सध्या माझा जुगाड असा की कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद ठेवायचा (बुटांच्या खोक्यांतून जमवल्यात) आणि लिहायच्या आधी वर सुती कापड टाकून कोमट इस्त्री फिरवायची. बराच फरक पडतो. बोरूचं टोकही या दिवसांत लवकर मऊ पडतं, कड गेली की नवा काप घ्या, घासत बसू नका. बोरू मिळत नसेल तर आइस्क्रीमची काडी तिरकी कापा, सरावाला मस्त चालते, फक्त काप रोमनच्या उलट्या बाजूला हं, दुकानातले बरेचसे कट निब इंग्रजीसाठी असतात, त्यांनी देवनागरी लिहिलं की जाड-बारीक भलतीकडेच जातं.

आता खरी प्रगती. रविवारी आम्ही काहीजण गिरगावात एका मैत्रिणीच्या चाळीतल्या खोलीत बसतो, टेबल अरुंद, त्यामुळे प्रत्येकासमोर कोणीतरी असतंच. आणि समोरच्याला आपलं लिखाण उलटं दिसतं, म्हणजे तो शब्द वाचतच नाही, त्याला फक्त काळं आणि पांढरं दिसतं. मी ‘श्रावण’ लिहित होते, मला वाटलं झकास जमलंय, समोरून काका म्हणाले, "अगं, त्या कान्यापुढून बेस्टची बस जाईल." कागद फिरवून बघितला तर श्राचा काना आणि व चं पोट यांच्यामध्ये खरंच मैदान होतं, आणि पुढे व-ण मात्र एकमेकांच्या अंगावर. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आल्यावर ते काम आटलं, पण अजून पट्टी न लावता दोन अक्षरांमधली जागा सांगतात. तेव्हापासून नियमच केलाय, ओळ झाली की पॅड फिरवायचं आणि समोरच्याने आधी बोलायचं, लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. एकटीने घरी कागद उलटा धरून बघते मी, पण आपला शब्द आपल्याला पाठ असतो, डोळा फसतोच. मित्र लागतात ते यासाठी, वाहवा करायला तर घरचे आहेतच.

मध्ये ल आणि श वरून वाद पेटला. मोबाईलवर हिंदी वळणाची अक्षरं बघून बघून कॉलेजची पोरं तशीच लिहितात, 2009 च्या सरकारी जीआरमध्ये मराठी वळणाचा, पाकळीचा ल आणि देठाचा श दिलाय तरी. मला मराठी वळणच आवडतं, त्या ल ला लिहिताना मनगट मोकळं फिरतं. काका म्हणाले दोन्ही येऊ दे हाताला, भांडण नंतर. मग चहा झाल्यावर जुन्या छापील पोथ्यांची पानं काढली, निर्णयसागरच्या छपाईची. जावजी दादाजींनी 1869 मध्ये काढलेला हा छापखाना कोलभाट लेनमध्ये होता, म्हणजे आमच्या टेबलापासून चालत जाता येईल एवढ्यावर! त्या खिळ्यांमधली (छपाईच्या धातूच्या अक्षरांमधली) जागा बघा एकदा, इतक्या बारीक टायपातही कुठे गर्दी नाही की भोक नाही. मी दोन ओळी मोठ्या करून ट्रेस करतेय, अक्षरं नाही, फक्त मधले पांढरे आकार.

एक मैत्रीण बदलापूरला गेली राहायला, लोकल बंद पडली की तिचा रविवार जातो, मग ती फोटो पाठवते, तोही मुद्दाम उलटा.

पुढचं काम दिवाळीचे कंदील. बटर पेपरवर साधी शाई थेंब थेंब होऊन सरकते, त्यापेक्षा पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा अगदी एक थेंब टाकला की बऱ्यापैकी बसतो, फेस होईल एवढं ढवळू नका. आतून दिवा लागल्यावर ब्रशचे फटकारे दिसतात, तेव्हा एका दमात स्ट्रोक मारायची तयारी आत्ताच करा, कंदील गोल फिरवत लिहायचा असतो आणि तिथे पेन्सिलीची रेघ पुसता येत नाही.