शून्याचा रिकामा कप्पा

माझी लेक साडेचार वर्षांची. शंभरपर्यंत घडाघडा म्हणायची, पण सात चमचे आण म्हटलं की मूठभर घेऊन यायची. मग मी तिच्यासमोर माँटेसरीची काड्यांची पेटी ठेवली. ० ते ९ असे कप्पे, प्रत्येक कप्प्यात त्याच्या आकड्याइतक्या काड्या मोजून ठेवायच्या, काड्या बरोबर ४५. नवाच्या कप्प्यात एखादी कमी पडली, तर मोजताना कुठेतरी चुकलं हे तिचं तिलाच कळतं. मला बोलावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

शून्यापाशी ती थबकली. "इथे काहीच नाही ठेवायचं?" रिकाम्या कप्प्यात हात फिरवून पाहिला.

आता एकक, दशक, शतक, हजार हातात धरून शिकायचे माँटेसरीचे सोनेरी मणी काढलेत. काल हजार मण्यांचा ठोकळा दोन्ही हातांनी उचलून म्हणाली, "आई, हजार जड असतं!"