जुलैतली कॉलर आणि थंडीतलं भरीत

आमच्याकडे जुलै लागला की दोन गोष्टी ठरलेल्या, कपाशीची निंदणी आणि रोटरीचं, म्हणजे गावात समाजकार्य करणाऱ्या रोटरी क्लबच्या नव्या अध्यक्षाचं, पदग्रहण. रोटरीचं वर्ष जगभर १ जुलैला सुरू होतं, त्याला कोण काय करणार, पण खान्देशात त्या दिवसात अर्धे मेंबर शेतात, खत-बियाणंवाल्यांचा तर सीझनच, त्यामुळे पत्रिकेवर सात लिहिलेलं असलं तरी घंटा वाजायची साडेआठला. तोपर्यंत आम्ही इंटरॅक्टची पोरं खुर्च्या मांडून, माईक टेस्टिंग करून, वेफर्सचे पुडे मोजून (आणि थोडे कमी करून) तयार.

इंटरॅक्ट म्हणजे रोटरीचं शाळेतलं धाकटं भावंड, १२ ते १८ वयाच्या मुलामुलींचं. १९६२ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात पहिला इंटरॅक्ट क्लब निघाला, मग १९६८ साली मोठ्या पोरांसाठी रोटरॅक्ट. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मेंबर झालं की बिल्ला मिळतो आणि भरीत पार्टीला जाता येतं, एवढ्यावर आम्ही फॉर्म भरला होता.

पदग्रहणात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ती कॉलर. अध्यक्षाच्या गळ्यात घालतात ती, आमच्या क्लबच्या कॉलरवर आधीच्या सगळ्या अध्यक्षांच्या नावाच्या पितळी पट्ट्या होत्या. जुन्या अध्यक्षाने स्वतःच्या गळ्यातली काढायची आणि नव्याच्या गळ्यात घालायची, टाळ्या, फोटो, संपलं. एका वर्षी माझ्या मित्राचे आजोबा आले होते, ते मोठ्याने म्हणाले, "हाई काय टांगी लिनं रे भो गयामा?" (हे काय टांगून घेतलं रे भाऊ गळ्यात?) अख्खा हॉल हसला, नवा अध्यक्षही हसला. पण घरी जाताना आजोबांनी जे विचारलं ते जास्त खरं होतं, की मागच्या वर्षीचा माणूस चांगला होता तर मग बदलला कशाला? आता गावातली बाकी मंडळं बघा, एकदा अध्यक्ष झाला की फोटोला हार चढेपर्यंत तोच. इथे मात्र कितीही चांगलं काम केलं असू द्या, ३० जूनला उतरायचं, आणि पुढच्या मीटिंगला मागच्या रांगेत बसून नव्या पोराचं ऐकायचं. आमच्या इंटरॅक्टलाही तोच नियम. मला वाटतं आम्ही त्या क्लबात जे काही शिकलो त्यात हे सगळ्यात वरचं, बाकी भाषणंबिषणं नंतरची.

फिरतं ठेवायची ही सवय तशी पहिल्यापासूनचीच. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचे तीन ओळखीचे जमले, नंतर मीटिंग आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायची, म्हणून नाव रोटरी. कलकत्त्यात १९१९ ला हिंदुस्थानातला पहिला क्लब निघाला. आमच्या गावापर्यंत यायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि आला तो डॉक्टर, वकील, जिनिंगवाले, अडतवाले यांच्या ओट्यांवरून. बायकांना तर रोटरीच्या घटनेतच १९८९ पर्यंत मेंबरशिप नव्हती, मेंबरच्या बायकोला 'अ‍ॅन' म्हणायचे आणि कार्यक्रमात ओवाळायला पुढे करायचे. आमच्या इंटरॅक्टची सेक्रेटरी मात्र मुलगीच होती आणि हिशोबाला अशी कडक की आमचे सर पण तिला घाबरून पावती आणायचे.

मीटिंगला चार प्रश्नांची चाचणी म्हणायची, हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या भल्याचं आहे का. हर्बर्ट टेलर नावाच्या माणसाने १९३२ ला बुडीत निघालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या कंपनीसाठी ती लिहिली होती. हे कळल्यावर आमच्यातल्या भांडेवाल्याच्या पोराची कॉलर ताठ. त्याचे वडील म्हणाले, पहिला प्रश्न ठीक आहे, पण लग्नसराईत नको विचारत जाऊ.

पल्स पोलिओचे रविवार वेगळेच. सकाळी बूथवर टेबल लावायचं, वस्तीत शिट्ट्या मारत फिरायचं, ऊसतोडीहून परतलेल्यांची पोरं शोधायची, बोटाला शाई लावायची. कंटाळा यायचा, खरं सांगतो. पण १३ जानेवारी २०११ ची हावड्याची केस देशातली शेवटची ठरली आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा आमच्या जुन्या बॅचने एकमेकांना फोन करून नुसता गोंधळ घातला.

आणि थंडीतली भरीत पार्टी. कोणाच्या तरी मळ्यात, बामणोदकडची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, मग लाकडी बडगीत ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वरून शेंगदाणे, सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. वांगी भाजायला रोटरीचे, ठेचायला रोटरॅक्टचे आणि धुरात डोळे चोळायला आम्ही. तिथे डॉक्टरसाहेब आणि त्यांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा पोरगा एकाच सतरंजीवर, आणि दहावीनंतर काय, फी किती, होस्टेल कुठे, हे सगळं तिथेच हात धुता धुता ठरायचं. करिअर गाईडन्सचं व्याख्यान पण व्हायचं क्लबतर्फे, प्रोजेक्टर वगैरे लावून, पण माझ्या ओळखीतली निम्मी पोरं पुण्याला गेली ती भरीताच्या सतरंजीवरून.

आता मेनूत पनीर घुसलंय. यंदाचा अध्यक्ष आमच्याच इंटरॅक्टचा आहे, त्याने ग्रुपवर केटररचं कोटेशन टाकलं आणि दोन तासात एवढ्या शिव्या खाल्ल्या की शेवटी लिहिलं, बरं बाबांनो, काड्या कोण आणतंय ते सांगा.