तुम्ही विचारलंत म्हणून: गिअरबॉक्स गेला का?

जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेऊन गॅरेजला येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. "डी (पुढे जायचा गिअर) टाकला की गाडी जरा वेळ नुसती उभी राहते, मग झटका देऊन निघते. गिअरबॉक्स गेला का हो?" कुणीतरी आधीच 'बॉक्स खोलावा लागेल' असं सांगून धास्ती घातलेली असते.

माझं म्हणणं असं, की बॉक्स खोलणं हे सगळ्यात शेवटचं काम. ऑइल, वायरिंग आणि बॉक्सच्या बाहेरची जोडणी तपासून होईपर्यंत कुणालाही खोलायला होकार देऊ नका. आपल्याकडे पिकअप म्हणजे मॅन्युअलच, अशी वर्षानुवर्षांची सवय. इसुझूची व्ही-क्रॉस ऑटोमॅटिकमध्ये आली ती २०१९ मध्ये, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. त्यामुळे ऑटोमॅटिक बॉक्स रोज हाताळणारे मेकॅनिक अजून थोडेच आहेत, आणि अंदाजावर काम काढणाऱ्यांचा भुर्दंड मालकाला बसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, हे होतं कधी? सकाळी गाडी थंड असताना, की माल भरून दिवे घाट चढल्यावर? गाडी थंड असताना डी उशिरा लागतो आणि गरम झाल्यावर सगळं सुरळीत होतं, तर ऑइल कमी असेल किंवा आतली रबरी सीलं कडक झाली असतील. उलट घाटात तापल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, तर ऑइल जळलेलं असण्याची किंवा क्लचप्लेटा झिजल्याची शंका येते. सासवड रोडला साठ-सत्तरच्या वेगात, ॲक्सिलरेटरवर हलका पाय असताना रम्बलरवरून गेल्यासारखी थरथर जाणवत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणाऱ्या भागाच्या, लॉक-अप क्लचकडे बघायचं. मालकाने हे नीट सांगितलं की अर्धं निदान तिथेच होतं.

मग ऑइल. या बॉक्समध्ये ऑइल फक्त वंगण नसतं. त्याच्या दाबावरच आतले क्लच धरले जातात. लेव्हल घसरली की दाब पडतो आणि गिअर उशिरा लागतो. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत लेव्हल बघायची ती सपाट जागेवर, गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून, पी (पार्किंग) मध्ये. काही कंपन्यांची पद्धत वेगळी आहे, म्हणून मॅन्युअल वाचाच. डिपस्टिकच नसेल तर स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) ऑइलचं तापमान बघत, कंपनीने दिलेल्या तापमानालाच लेव्हलचा बोल्ट उघडायचा. अंदाजाने ओतायचं नाही. ऑइलही कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. लाल दिसतं म्हणून सगळं एकच नसतं.

खालचा पॅन उतरवला की खरं कळतं. पॅनमध्ये छोटी चुंबकं असतात. त्यावरची राखाडी पेस्ट चिमटीत घेऊन चोळायची. लोण्यासारखी मऊ लागली तर ती नेहमीची झीज. टोचलं, चकाकणारे तुकडे हाताला लागले, तर मात्र आत काहीतरी तुटतंय. ऑइल काळपट आणि करपलेल्या वासाचं असेल तर क्लच जळलेत. गुलाबी, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि बऱ्याचदा ते रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटल्यामुळे शिरतं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका, कारण क्लचप्लेटांवरचं अस्तर चिकटवलेलं असतं आणि पाण्याने ते सुटतं. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीतही ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवा जायच्या नळीतून) पाणी आत जातं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते आपण पाहिलंय, म्हणून सेकंडहँड पिकअप घेताना हे ऑइल बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

ऑइल चांगलं निघालं तर वीज. बॅटरी अशक्त असेल, अर्थिंगला गंज असेल, बॉक्सवरच्या कनेक्टरमध्ये ऑइल झिरपलं असेल, तरी गिअर चुकीचे पडतात. बिघाड कळला की कॉम्प्युटर गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो आणि लोक म्हणतात बॉक्स जाम झाला. स्कॅनरवर पी०७०० हा बिघाडाचा कोड दिसला म्हणून घाबरू नका. ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरने तक्रार नोंदवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. नेमका दोष त्या कॉम्प्युटरमधल्या पुढच्या कोडमध्ये असतो, तो वाचून घ्यायला सांगा.

आर (रिव्हर्स) मधून डी मध्ये टाकताना 'टडक' आवाज येत असेल तर आधी गाडीखाली जा. प्रोपेलर शाफ्टचा (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, हाताने हलवून बघा, इंजिनची आणि बॉक्सची माउंटिंगं बघा. क्रॉस बदलायचा खर्च आणि बॉक्स उतरवायचा खर्च यांची तुलनाच होत नाही.

आणि गाडी रस्त्यात बंद पडलीच, तर मागची चाकं जमिनीवर ठेवून टो करू देऊ नका. बॉक्समधला ऑइलपंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरतायत, म्हणजे बॉक्स कोरडा फिरतो. खंबाटकी घाटात थांबावं लागलं तरी चालेल, पण फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच) मागवा. तो मिळतच नसेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडवून मगच गाडी ओढायला द्या.