तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाचा हात आपोआप हलायला लागेल ना?

मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. जन्मताना हाताच्या नसांना इजा झालेलं बाळ घेऊन येणारे आईवडील हटकून हेच विचारतात. बहुतेक बाळांच्या बाबतीत उत्तर 'हो' असंच आहे. पण त्या भरवशावर नुसतं थांबू नका.

डोकं बाहेर आल्यावर खांदा आईच्या जघनास्थीमागे (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे) अडकला, की बाळाची मान आणि खांदा एकमेकांपासून ताणले जातात. मानेतून हातात जाणाऱ्या पाच नसा तिथेच असतात. नुसती ताणलेली नस काही आठवड्यांत सावरते. आतले तंतू तुटले असतील तर ते पुन्हा वाढतात, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे दंडापर्यंत पोचायलाच काही महिने. मज्जारज्जूपासून उपटलेली नस मात्र आपोआप जोडली जात नाही.

"बोटं हलतायत ना, मग झालं!" असा धीर घरातली माणसं देतात. बोटं खालच्या नसांवर चालतात; इजा बहुधा वरच्या दोन नसांना होते, खांदा आणि कोपर सांभाळणाऱ्या. म्हणून मी कोपराकडे बघते. ३ महिन्यांपर्यंत बाळ स्वतःहून कोपर वाकवत नसेल, तर या नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना दाखवायलाच हवं. दाखवलं म्हणजे शस्त्रक्रिया ठरली असं नाही. अख्खा हातच लुळा असेल आणि त्याच बाजूची पापणी झुकलेली असेल, तर तेवढंही थांबू नये.

तोवर सांधा आखडू द्यायचा नाही. हाड मोडलेलं नाही ना, हे डॉक्टरांनी पाहिलं आणि व्यायामाला परवानगी दिली, की कोपर अंगालगत ठेवून काटकोनात वाकवायचं आणि पंजा हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचा. दर वेळी लंगोट बदलताना केलं की विसरायला होत नाही. झबलं घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काखेत धरून उचलू नका. मालिश हलक्या हाताने करायला हरकत नाही, पण तेलाने नस वाढत नाही, आणि हात ओढून 'मोकळा' करणाऱ्यांना तर लांबच ठेवा.

आणि हो, बाळ जागं नि खुशीत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा. तपासताना रडणाऱ्या बाळाचं कोपर खरंच वाकतं का, हे मला कळत नाही.